नडगी मोडली तर...

(आपल्या सामुदायिक रेडिओवर एका निवृत्त परिचारिकेने महिला गटांसाठी केलेलं हे भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून बोलण्याच्या ढंगातच छापत आहोत.)

 

मी सिस्टर. आता निवृत्त झाले, पण नोकरीतली बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात गेली. रेडिओच्या ताईंनी विचारलं, कशावर बोलाल? मी म्हटलं, नडगीवर बोलते. त्या हसल्या. पण माझ्या मनात हा विषय दहा वर्षं घर करून बसलाय. का, ते सांगते.

आधी सगळ्या जणी एक करा. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूने हात फिरवा. बोटांना टणक कड लागते ना? तीच नडगी. तिथे वर मांस नाही, चरबी नाही, नुसती कातडी आणि लगेच हाड. मागे पोटरीच्या बाजूला आणखी एक बारीक हाड असतं, पण अंगाचा भार पेलते ती नडगीच. मोटरसायकलचा धक्का लागला, बैलाची लाथ बसली, पायरीवरून घसरलं, की पहिली सापडते ती ही. आणि वर नुसती कातडीच असल्यामुळे मोडलेल्या हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर यायला वेळ लागत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट. आषाढाचे दिवस होते. माझी धाकटी जाऊ वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येत होती. बांध निसरडा झालेला. पाय चिखलात रुतला तो रुतलाच, आणि वरचं अंग भाऱ्यासकट फिरलं. कपडा पिळतो तसं हाड पिळलं गेलं आणि मोडलं. ती अजून सांगते, “मला वाटलं भाऱ्यातलं धाट मोडलं.”

घरच्यांनी तिला शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे नेलं. त्यांनी पाय ओढला, लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि कापडाच्या पट्ट्यांनी घट्ट आवळून बांधलं. रात्री मला दिरांचा फोन आला. मी तेव्हा शहरात नाइट ड्यूटीवर होते, वॉर्ड भरलेला. दीर म्हणाले, “वहिनी, दोन गोळ्या दिल्या तरी हिचं दुखणं थांबेना. पोटरी दगडासारखी झालीय. बोटांना मुंग्या येतायत म्हणते.”

आणि मी काय म्हणाले माहितीय? मी म्हणाले, “हाड मोडलंय, दुखणारच. सकाळी घेऊन या.”

हाडांच्या वॉर्डात काम करणारी बाई मी, आणि हे बोलले. दमलेली होते, घाईत होते, पण ती काही सबब नव्हे. सकाळची दुपार झाली. गाडी मिळेना, मग धारा काढायच्या होत्या, मग आणखी काही. तिला आणलं तेव्हा पट्ट्या सोडल्या, तर खाली फोडच फोड. डॉक्टरांनी लगेच पोटरीला लांब चिरा देऊन आतला दाब मोकळा केला. पाय वाचला. पण काही स्नायू तोवर मेले होते. नंतर तिच्या नडगीत रॉड घातला, हाड जुळलं, ती चालायला लागली. पण त्या पायाची बोटं आज दहा वर्षांनीही आत वळलेली आहेत. पायात चप्पल टिकत नाही. हाड मोडण्याने हे झालं नाही, रॉडनेही नाही. ती एक रात्र वाया गेली, त्याने झालं. आणि त्यात माझाही वाटा आहे.

म्हणून आज बोलायला आले. माझं म्हणणं थोडक्यात असं. नडगी मोडली तर पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. आणि रॉडचं ऑपरेशन हे बाईने घाबरून नाकारायचं किंवा घरच्यांनी पैशाकडे बघून टाळायचं काम नाही.

त्या रात्री पायात काय चाललं होतं ते आधी समजून घेऊ. आपल्या पोटरीचे स्नायू वेगवेगळ्या पिशव्यांत बसवलेले असतात. त्या पिशव्यांचं अस्तर चिवट, जराही न ताणणारं. समजा, तोंड शिवलेल्या पोत्यात आतले दाणे भिजून फुगायला लागले, तर काय होईल? हाड मोडलं की आत रक्त साठतं, सूज येते, जागा मात्र तेवढीच. दाब वाढतो आणि स्नायूंचं रक्तच थांबतं. वरून घट्ट पट्टी असली की मग विचारूच नका. काही तासांतच स्नायू आणि नसा मरायला लागतात. आणि हे नुसतं हाडवैद्याच्या पट्टीनेच होतं असं नाही बरं का. दवाखान्यातल्या प्लास्टरच्या आत होऊ शकतं, काहीही न बांधता होऊ शकतं, ऑपरेशननंतरसुद्धा होऊ शकतं.

खुणा ध्यानात ठेवा. गोळ्या, इंजेक्शन देऊनही दुखणं कमी न होता वाढतच जातं. पायाची बोटं दुसऱ्याने हळूच वर-खाली केली तरी बाई किंचाळते. पोटरी टणक, ताणलेली लागते. बोटांना मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. एक चूक मात्र करू नका. बोटं गरम आहेत, गुलाबी आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. बोटं पांढरी-गार पडेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो. यातली खूण दिसली की बांधलेलं सगळं सैल करा. प्लास्टर असेल तर ते कापायला तडक दवाखान्यात चला. पाय उशांवर उंच टांगू नका, अंगाच्या पातळीत ठेवा. आणि रात्र असेल तर रात्रीच निघा. दिवस उजाडायची वाट बघू नका. सिस्टर, डॉक्टर, कोणीही फोनवर “सकाळी बघू” म्हणालं तरी निघा. माझ्यासारखीचंही ऐकू नका.

आता अगदी सुरुवातीला, शेतात किंवा रस्त्यावर, आपण काय करायचं?

बाईला उठून उभं करायचं नाही. “बघू, टेकवता येतो का पाय” असं म्हणून चालवून बघायचं नाही. पहिलं काम, पायातली जोडवी आणि पैंजण काढायचे. हो, जोडवीसुद्धा. सूज यायच्या आधी ती साबणाच्या पाण्याने सहज निघतात. सूज आली की ती बोटात रुततात आणि मग कापावी लागतात. वॉर्डात किती बायका माझ्यापुढे हात जोडायच्या, “सिस्टर, जोडवी नका काढू.” मी सांगायचे, अगं, नवऱ्याचं आयुष्य तुझ्या बोटातल्या चांदीत अडकलेलं नाही, तुझं बोट मात्र अडकलंय. जोडवी पदराच्या गाठीला बांधा, बरी झालीस की घाल.

दुसरं, पायाला आधार. दोन सरळ काठ्या घ्या, नाहीतर घडी केलेली गोधडी किंवा उशी घ्या. गुडघ्याच्या वरपासून टाचेच्या खालपर्यंत आधार गेला पाहिजे, म्हणजे गुडघाही हलणार नाही आणि घोटाही. जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधा, पण गाठ मोडलेल्या जागेवर नको. आणि पट्टीखाली एक बोट सहज शिरेल इतकी सैल असू द्या. पायाची बोटं उघडी ठेवा, म्हणजे बघता येतात.

तिसरं, हाड बाहेर आलं असेल किंवा मोडलेल्या जागी जखम असेल तर. हळद नाही, चुना नाही, तंबाखू नाही, माती-शेण तर नाहीच नाही. हाड आत ढकलायचं नाही. धुतलेलं स्वच्छ कापड वर ठेवायचं आणि निघायचं. मोडलेल्या हाडापर्यंत बाहेरची हवा पोचली म्हणजे जंतूही पोचले. अशा रुग्णाला जंतू मारणारं औषध शिरेतून जितक्या लवकर मिळेल तितकं बरं, धनुर्वाताचं इंजेक्शनही लागतं. म्हणून अपघात किती वाजता झाला ते लक्षात ठेवा. डॉक्टर हटकून विचारतात.

चौथं, चहा पाजू नका. आपल्याकडे कोणी पडलं की आधी चहाचा कप पुढे येतो. पण भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. तुमच्या मायेच्या चहाने ऑपरेशन कित्येक तास लांबतं.

आणि पाचवं, १०८ ला फोन. रुग्णवाहिका फुकट येते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आदळत नेण्यापेक्षा थोडं थांबलेलं परवडतं. मात्र गाडी मिळतच नसेल, तर पाय नीट बांधून मिळेल त्या वाहनाने निघा.

आता दवाखान्यात पोचलो. एक्स-रे निघाला. डॉक्टर म्हणतात, रॉड घालावा लागेल. घरात लगेच कुजबुज सुरू होते. “रॉड? म्हणजे बाई कायमची अधू झाली की!” “त्यापेक्षा प्लास्टर घाला, स्वस्तात होईल.” आमच्या घरीही हेच झालं. गंमत बघा. त्याच्या दोनच वर्षं आधी दिरांचा पाय मोडला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी म्हैस विकून ऑपरेशन झालं. कुणी हूं की चूं केलं नाही. जावेच्या वेळी मात्र सासूबाई म्हणाल्या, “ती कुठं बाहेर कामाला जाते? घरातच तर असते.” घरातच असते! पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, दोन म्हशींची धार काढणारी, रोज डोईवर भारा आणणारी बाई घरातच असते! तिच्या पायावरच तर ते घर चालत होतं.

आता प्लास्टर वाईट असतं असं मी म्हणत नाही. हाडाला नुसती चीर गेली असेल, तुकडे जागेवर असतील, हलत नसतील, तर प्लास्टरने उत्तम जुळतं. लहान मुलांची हाडं तर बहुतेक वेळा प्लास्टरनेच जुळतात. मोठ्यांचा असा जाड रॉड मुलांना घालतही नाहीत. मुलांच्या नडगीच्या वरच्या टोकाला वाढीची जागा असते, ती दुखावेल म्हणून. फारच गरज पडली तर त्यांच्यासाठी बारीक, लवचिक तारा असतात. पण मोठ्या माणसाचं हाड तिरकं किंवा पिळून मोडलं असेल, तुकडे सरकले असतील, तर प्लास्टरच्या आत ते पुन्हा सरकतात. पाय आखूड होतो, पाऊल बाहेर किंवा आत फिरून जुळतं. शिवाय काही महिने प्लास्टरमध्ये ठेवलेला गुडघा आणि घोटा आखडून जातात. म्हणून डॉक्टरांना विचारायचं, “हाड सरकलंय का? प्लास्टरमध्ये पुन्हा सरकायची भीती आहे का?” विचारायला लाजू नका. पाय आपला आहे.

रॉड घालतात म्हणजे काय करतात, ते आता सांगते. ऐकलं की निम्मी भीती जाते. नडगीचं हाड भरीव नसतं, बांबूसारखं आतून पोकळ असतं. त्या पोकळीत मगज असतो. त्या पोकळीतून वरून खालपर्यंत धातूचा एक दांडा सरकवायचा, म्हणजे मोडलेले दोन्ही तुकडे एका सरळ रेषेत राहतात.

बहुतेक वेळा कमरेतून भूल देतात. बाई जागी असते, पण कमरेखाली काही कळत नाही. गुडघ्याच्या वाटीजवळ एक चीर घेतात आणि हाडाच्या वरच्या टोकाला भोक पाडतात. मग तिथून एक लांब तार पोकळीत सोडतात. आपण परकराच्या नेफ्यात नाडी ओवतो ना, आधी पिन सरकवतो, मग तिच्या मागून नाडी येते, अगदी तसंच. शेजारी एक्स-रेचं मोठं, अर्धगोल हाताचं यंत्र असतं. त्याच्या पडद्यावर तार कुठे चाललीय ते डॉक्टरांना दिसतं. तार मोडलेल्या जागेतून पलीकडच्या तुकड्यात गेली की तिच्यावरून पोकळी थोडी रुंद करून घेतात आणि मग रॉड सरकवतात. रॉड स्टीलचा असतो नाहीतर टायटॅनियम धातूचा. फूटभर लांब, करंगळीपेक्षा बारीक. शेवटी वरच्या आणि खालच्या टोकाला हाडातून आणि रॉडच्या भोकांतून आडवे स्क्रू घालतात. दाराला वर-खाली अडसर घालतो तसे. त्यामुळे हाड आखूड होत नाही आणि फिरतही नाही. सगळं मिळून साधारण दीड-दोन तासांचं काम.

यात एक खुबी आहे. मोडलेली जागा बहुतेक वेळा उघडावीच लागत नाही. तिथे साठलेलं रक्त, हाडावरचं नाजूक आवरण, हे सगळं जागच्या जागी राहतं. आणि हाड जुळवायचं काम तर तेच करतं. हे नीट लक्षात घ्या. रॉड हाड जोडत नाही. रॉड फक्त धरून ठेवतो. जोडतं ते आपलं शरीर. साकळलेल्या रक्तात आधी मऊ, कूर्चेसारखा भराव तयार होतो, मग तो कडक होत जातो, मग त्याचं हाड बनतं. मातीचं घर बांधताना भिंत वाळेपर्यंत टेकू देतो, तसा रॉड हा टेकू.

ही कल्पना काही कालची नाही. जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड क्युन्चर नावाच्या डॉक्टरांनी १९३९ साली माणसाच्या मांडीच्या हाडात असा खिळा घातला. तेव्हा दुसरं महायुद्ध चाललं होतं. जर्मनांच्या कैदेतून सुटून गेलेल्या सैनिकांचे एक्स-रे काढले, तेव्हा मांडीच्या हाडात आरपार लोखंडी दांडा बघून तिकडचे डॉक्टर चक्रावले. माणूस तर चालत आलेला! पुढे १९७० नंतर आडव्या स्क्रूंची सोय पक्की झाली आणि तुकडे तुकडे झालेल्या हाडांनाही रॉड घालता यायला लागला. म्हणजे तुमच्या-माझ्या पायात जो रॉड जातो, त्याच्यामागे ऐंशी वर्षांहून जास्त अनुभव आहे.

ऑपरेशन झालं. आता खरं काम आपलं.

दुसऱ्या दिवसापासून घोटा वर-खाली, वर-खाली हलवायचा. पंप मारल्यासारखा. त्याने पोटरीतलं रक्त फिरतं, गाठी होत नाहीत. गुडघा हळूहळू वाकवायचा. मांडी आवळून धरायची, सोडायची. मग वॉकर घेऊन उभं राहायचं. पायावर किती भार टाकायचा हे ज्याच्या-त्याच्या हाडावर अवलंबून. कुणाला डॉक्टर लवकर टेकवायला सांगतात, कुणाच्या हाडाचा चुरा झालेला असेल तर उशिरा. शेजारणीने पंधरा दिवसांत काठी टाकली म्हणून आपणही टाकायची नाही. पण सांगितलेला भार भीतीने टाकायचाच नाही, हेही चूक. थोडा थोडा भार पडला की हाडाला कळतं, आता घट्ट व्हायला हवं.

नडगी जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. कधी जास्त. मधून मधून एक्स-रेला बोलावतात, ते चुकवू नका. जुळणं मागे पडलं तर कधी कधी एका टोकाचे स्क्रू काढतात. म्हणजे चालताना दोन्ही तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि हाड जोमाने भरून येतं. छोटंसं काम असतं. माझ्या जावेला पाचव्या महिन्यात हे करावं लागलं. डॉक्टरांनी तिला एकच प्रश्न विचारला, “मिश्री लावता का?” ती खाली बघायला लागली.

मैत्रिणींनो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि हाड भरायला तर रक्त हवं. विडी, तंबाखू, मिश्री, सगळं याच घरातलं. घरात पाय मोडलेलं माणूस असेल तर निदान हाड जुळेपर्यंत डबी उचलून ठेवा. आणि एकदा सुटली की परत धरू नका. साखरेचा आजार असेल तर तोही आटोक्यात ठेवायला हवा. खाण्यात डाळ, अंडं, दूध, नाचणीची भाकरी, तीळ, पालेभाजी. आणि हे ताट तिच्यापुढे आधी यायला हवं, सगळ्यांचं उरलंसुरलं नको. मालिश मात्र नको. मोडलेल्या जागेवर कुणालाही तेल लावून रगडू देऊ नका.

आता आपल्या बायकांच्या खास अडचणी. आपलं सगळं जमिनीवर. बसणं जमिनीवर, भाकरी जमिनीवर, भांडी जमिनीवर. रॉड गुडघ्याजवळून आत गेलेला असतो, त्यामुळे बऱ्याच जणींचा गुडघा पुढून दुखतो, विशेषतः गुडघे टेकले किंवा उकिडवं बसलं की. चिरेच्या बाजूला थोडी बधिर जागाही राहते. यात घाबरण्यासारखं नाही, पण आधी माहीत असावं. चूल नाहीतर शेगडी ओट्यावर घ्या, कणीक स्टुलावर बसून मळा. शौचाला प्लास्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडलं तरी काम भागतं. हे काही महिन्यांचं आहे. पण पाय मोडलेल्या बाईला आठव्या दिवशी उकिडवी बसवून भांडी घासायला लावणं, हे बरोबर नाही. हे ऐकणाऱ्या सासवांना आणि नवरोबांना मुद्दाम सांगते.

धोक्याच्या खुणाही सांगते. ताप आला, टाक्यांतून पू किंवा पाणी येऊ लागलं, जागा लाल झाली, पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, धाप लागली, छातीत दुखलं, तर थांबायचं नाही. रॉडजवळ जंतू पोचले तर लवकर उपचार केलेले बरे, उशीर झाला की रॉड काढण्यापर्यंत पाळी येते.

गावोगावच्या बायका विचारतात ते दोन प्रश्न घेते. “रॉड परत काढावा लागतो का?” काढलाच पाहिजे असं नाही. कित्येक जण जन्मभर तसाच ठेवतात. टोचत असेल, गुडघा फार दुखत असेल, तर हाड पूर्ण जुळल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने काढता येतो. “पायात रॉड असताना दिवस गेले तर?” काही अडत नाही. बाळंतपण नेहमीसारखं होतं. फक्त एक्स-रे काढायच्या आधी दिवस गेल्याची शंका असेल तर सांगायचं. आणि कुठल्याही मोठ्या तपासणीला गेलात तर पायात रॉड आहे हे सांगायचं. डिस्चार्जचा कागद आणि एक्स-रे जपून ठेवा.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. तोच सगळ्यात मोठा, नाही का? आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली, २०१७ पासून फुल्यांच्या नावाने चालते. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. दाखल होताना आधी त्याच्याकडे जायचं. हे ऑपरेशन यादीत बसतं का, या दवाखान्यात होतं का, कुठले कागद हवेत, ते विचारायचं. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

पण कागद म्हटलं की आपलं पितळ उघडं पडतं. माझ्या जावेचं नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून लग्नानंतर कमी केलेलं, आणि सासरच्या शिधापत्रिकेत कुणी चढवलेलंच नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सरकारच्या लेखी ती कुठल्याच घरची नव्हती! योजना हाताशी असून उपयोग झाला नाही. मग पैसा कुठून आला? तिच्या बचत गटातून. बायकांनी रात्री बैठक बसवली, सगळं शिल्लक कर्जाऊ दिलं, आणि तिला व्याज लावायचं नाही असं ठरवलं. सासूबाई गप्प झाल्या. गटाने नुसते पैसे दिले नाहीत. पाळी लावून तिच्या घरचं पाणीही भरलं. त्या दोन महिन्यांत तिला विश्रांती मिळाली ती गटामुळे.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती. एक, प्रत्येकीने आपापली शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन या. सुनेचं, लेकीचं, स्वतःचं नाव आहे का, स्पेलिंग एकसारखं आहे का, बघा. नसेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या. दोन, आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात योजनेतला हाडांचा दवाखाना कुठला, ते शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. रात्री जाईल अशा एका गाडीवाल्याचा नंबरही लिहा. तीन, एका मैत्रिणीला झोपवून गोधडी आणि काठ्यांनी पाय बांधायचा सराव करा. हसाल, खिदळाल, पण एकदा केलेलं हाताला आठवतं.

माझी जाऊ आता चाळिशीत आहे. वैरणीचा भारा आणत नाही, पण सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायला चालत जाते, जाऊन-येऊन तीन किलोमीटर. बोटं वळलेली म्हणून बंदाची चप्पल घालते. मी घरी गेले की संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो. एकदा मी तिला म्हटलं, त्या रात्री मी “आत्ता निघा” म्हणाले असते तर तुझी बोटं सरळ राहिली असती. ती म्हणाली, “ताई, मला सांगून काय उपयोग? ज्यांचा पाय अजून मोडला नाही, त्यांना सांगा.”

ते आज सांगितलं.  पावसाळ्याचे दिवस आहेत, बांधावरून जपून चाला.